मीराजी : कथा आणि कविता

एखाद्या कवीचे चरित्रच त्याच्या काव्याच्या वाटेत आडवे यावे, तसे उर्दू कवी मीराजी यांचे झाले. लाहोरच्या मोहम्मद सनाउल्ला डार यांनी मीरा सेन या बंगाली तरुणीवरील विफल प्रेमातून तिचेच नाव धारण केले. त्यांचे वाढलेले केस, हातातील गोळे, मद्यासक्ती यांच्याच कथा पुढे रंगल्या. ३ नोव्हेंबर १९४९ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांचा अंत झाला, तेव्हा ते अवघे ३७ वर्षांचे होते.

त्यांची कविता दुर्बोध व विकृत मनाची आहे, असा प्रगतिवादी टीकाकारांचा आक्षेप होता. परंतु याच मनाने बोदलेअर व मालार्मे यांच्याबरोबर विद्यापती, चंडीदास आणि अमरू यांचाही उर्दू वाचकांना परिचय करून दिला. एवढा व्यासंग केवळ उन्मादातून घडत नाही.

आपल्याकडे मर्ढेकरांवरही दुर्बोधतेचे आरोप झाले, अश्लीलतेचा खटला भरला गेला. ते निर्दोष ठरले आणि मराठी नवकाव्याचे प्रवर्तक म्हणून मान्यता पावले. मीराजींच्या वाट्याला मात्र अजूनही कवितेआधी कथाच येते. म्हणून वाचकाने आधी त्यांची कविता वाचावी. कथा मागाहून ऐकाव्यात.