चार मिलिमीटरची जबाबदारी



आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांतून आता मुले-मुली डिझाइन शिकायला जात आहेत, याचा आम्हांला अभिमान वाटतो. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू करून कलेला हुन्नराची जोड दिली, त्या गावाला हे शोभणारेच आहे. आजचा विषय ‘कलानिर्मिती आणि सामाजिक जबाबदारी’. बँकेच्या खिडकीवर बसणारी आम्ही माणसे यावर काय बोलणार? तेव्हा आम्ही आमच्या रोजच्या हाताळणीतल्या नोटेबद्दलच बोलतो. नोट हीदेखील कोणीतरी योजलेली वस्तूच आहे.

महात्मा गांधी मालिकेतली जुनी शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती, पाचशेची १६७ आणि हजाराची १७७. दहा-दहा मिलिमीटरचा फरक असल्याने अंध माणूस बोटांवर लांबी मोजून नोट ओळखी. नोव्हेंबर २०१६ पासून नवी मालिका येऊ लागली. तिच्यात शंभराची नोट १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० मिलिमीटर लांब. रुंदी तिन्हींची ६६. म्हणजे फरक उरला चार मिलिमीटरचा. डोळसांना रंग वेगळे दिसतात, नोटा पाकिटात नीट बसतात. अंधांच्या हातचे माप मात्र गेले.

काहीच सोय केली नाही, असे आम्ही म्हणणार नाही. शंभराच्या नोटेवर उठावाचा त्रिकोण आहे, पाचशेच्या नोटेवर वर्तुळ. कडेला तिरप्या रेघा आहेत, शंभरावर चार, पाचशेवर पाच. २०२० च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने नोट ओळखून सांगणारे मोबाइल अ‍ॅपही आणले. पण नोट हातोहाती फिरून मळते, उठाव झिजतो. आणि समोर गिऱ्हाईक खोळंबले असताना अंध विक्रेत्याने प्रत्येक नोट मोबाइलपुढे धरायची कशी? अखेर ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड’ या संस्थेला मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले.

नोटांचे माप बदलले तेव्हा देशभरातल्या एटीएमच्या पेट्या नव्या मापाला जुळवून घ्याव्या लागल्या. ते काम तातडीने झाले. यंत्र अडले की सगळ्यांना कळते. माणूस अडला की शेजाऱ्याला विचारतो, विश्वास ठेवतो, आणि फसला तरी गप्प बसतो.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, सामाजिक जबाबदारी म्हणजे केवळ जनजागृतीची भित्तिपत्रके रंगवणे नव्हे. उद्या तुम्ही औषधाची वेष्टने कराल, बसच्या पाट्या कराल, सरकारी अर्ज कराल. काम मंजुरीला देण्यापूर्वी ते ज्याला दिसत नाही, ज्याला वाचता येत नाही, ज्याचा हात थरथरतो, अशा एका तरी माणसाच्या हाती द्या. छपाईनंतर केलेली दुरुस्ती महाग पडते आणि बहुधा अपुरी राहते. तुमच्या कल्पकतेची कसोटी त्या हातात आहे.

आणि ज्येष्ठांना आमची विनंती आहे. आपल्या मंडळाने खासदारांना निवेदन द्यावे, की पुढच्या मालिकेच्या नोटांची मापे ठरतील तेव्हा अंधांच्या संस्थांना आधीच विचारावे. ही कोणावर मेहेरबानी नाही. हातातला पैसा स्वतः ओळखता येणे, हा नागरिकाचा हक्क आहे.