उजेड कुठून येतोय ते आधी बघ

(दहावी १९८८ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात एका माजी विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या धंद्यातलं काहीतरी सांग, पण दहा मिनिटांत आटप." शाळेत मी तोंडी परीक्षेत दोन मिनिटंसुद्धा बोलू शकलो नव्हतो, त्यामुळे दहा मिनिटं म्हणजे चंगळच आहे. आज मी एक्स्पोजर ब्रॅकेटिंग नावाच्या प्रकाराबद्दल बोलणार आहे. त्या निमित्ताने एक जुनी कबुलीही द्यायची आहे.

आपला निरोप समारंभ याच हॉलमध्ये झाला. ड्रॉइंगचे सर त्याच वर्षी निवृत्त होत होते. मी मामाकडून आग्फा क्लिक थ्री मागून आणला होता. एका रोलमध्ये बारा फोटो, त्यातले अकरा आधीच संपलेले. बारावा सरांसाठी राखून ठेवला होता. सरांना या उत्तरेकडच्या खिडकीसमोर उभं केलं आणि आपण सगळे त्यांच्या भोवती उभे राहिलो. बाहेर मैदानावर लख्ख ऊन होतं. कॅमेऱ्यावर ढग आणि सूर्य अशी चित्रं होती. मी सूर्यावर खटका ठेवला आणि बटण दाबलं.

फोटो धुऊन आला तेव्हा मैदान सुरेख दिसत होतं, खिडकीचे गज मोजता येत होते. सर आणि आपण सगळे मात्र काळ्या कागदातून कापून चिकटवल्यासारखे! पुढे सर गेले. त्यांच्या घरून विचारणा झाली, "मुलांबरोबरचा एखादा फोटो आहे का?" मी सांगितलं, रोल खराब निघाला. रोल खराब नव्हता, मित्रहो, आणि कॅमेराही नव्हता. चूक माझी होती.

ती चूक नेमकी काय, हे समजायला मला पुढे कितीतरी वर्षं लागली. फोटोग्राफीत प्रकाश दुप्पट झाला की एक स्टॉप वाढला असं म्हणतात. दोन स्टॉप म्हणजे चौपट, तीन म्हणजे आठपट. गेल्या महिन्यात मी याच हॉलमध्ये मोजमाप घेतलं. खिडकीबाहेरच्या मैदानासाठी शटर सेकंदाचा ५०० वा भाग उघडं पुरत होतं, आणि स्टेजमागच्या कोपऱ्यासाठी अर्धा सेकंद लागत होता. म्हणजे सुमारे २५० पट फरक, आठ स्टॉप. आपला डोळा खिडकीकडून कोपऱ्याकडे वळता वळता स्वतःला जुळवून घेतो, म्हणून आपल्याला दोन्ही दिसतं. कॅमेऱ्याला एका फोटोपुरता एकच निर्णय घेता येतो. खिडकी धरली तर कोपरा बुडतो, कोपरा धरला तर खिडकी पांढरीफटक होते.

यावरचा उपाय जुना आहे. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे समुद्राचे फोटो काढत असे. त्या काळच्या काचांवर निळा रंग फार लवकर उमटायचा, त्यामुळे समुद्र नीट आला की आभाळ कोरं यायचं. मग त्याने काही चित्रांत आभाळाची निगेटिव्ह वेगळी आणि समुद्राची वेगळी घेतली, आणि क्षितिजाच्या रेघेवर दोन्ही जोडून एक फोटो छापला.

आज आपण करतो ते तेच. एकाच जागेवरून तीन किंवा पाच फोटो काढायचे: एक बरोबर, बाकीचे मुद्दाम कमी आणि मुद्दाम जास्त उजेडाचे. ब्रॅकेट म्हणजे कंस. गणिताच्या बाई समोरच बसल्या आहेत, त्यांचं 'कंचेभागुबेव' मी अजून विसरलेलो नाही. इथेही आधी कंसच सोडवायचा: सगळ्यात उजळ जागा एका टोकाला, सगळ्यात अंधारी दुसऱ्या टोकाला, आणि मधलं सगळं कंसात.

ही इमारत या उन्हाळ्यात पाडणार हे कळलं तेव्हा मी हॉलचा फोटो असाच काढला. ट्रायपॉड लावला. अॅपर्चर आणि आयएसओ एका जागी ठेवले, कारण अॅपर्चर बदललं तर जवळ-लांबचं स्पष्ट दिसणंही बदलतं. फोकस हाताने लावून सोडला. फक्त शटर बदललं: सेकंदाचा ५०० वा भाग, १२५ वा, ३० वा, ८ वा आणि अर्धा सेकंद. बटणाच्या धक्क्याने कॅमेरा हलू नये म्हणून टायमर लावला. पंखे बंद केले. मग संगणकाने प्रत्येक फोटोतला नीट उमटलेला भाग घेऊन पाचांचं एक चित्र केलं. यालाच एचडीआर म्हणतात. तुमच्या मोबाइलमध्येही ते असतं; तो क्षणार्धात अनेक फोटो काढून जोडतो आणि तुम्हाला पत्ताही लागू देत नाही.

एक धोका सांगतो. जोडलेलं चित्र कागदावर मावावं म्हणून उजेड-अंधारातलं अंतर दाबावं लागतं. ते जास्त दाबलं की भिंती प्लास्टिकच्या दिसतात आणि खिडकीभोवती चमकती कडा येते. म्हणून मी कोपऱ्यात थोडा अंधार ठेवला. तिथे अंधार असायचाच. मागच्या बाकावरच्यांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतलेला आहे. तो फोटो या स्मरणिकेत आहे. स्टेजवरची घासलेली फळी आणि बाहेरचं मैदान, दोन्ही दिसतं.

आता खरी गोष्ट. पहिल्या प्रयत्नात मधूनच शिपाईमामा झाडू घेऊन गेले, आणि जोडलेल्या चित्रात ते तीन ठिकाणी अर्धे-अर्धे, भुतासारखे उमटले! ब्रॅकेटिंग स्थिर वस्तूंसाठी आहे. माणसं श्वास घेतात, हसतात, मान वळवतात. १९८८ साली माझ्याकडे ही सगळी विद्या असती तरी चाळीस मुलांचा घोळका पाच फोटोंपुरता स्तब्ध राहिला नसता.

ती निगेटिव्ह मी जपून ठेवली आहे. अलीकडे ती स्कॅन केली. वाटलं, आजच्या तंत्राने सर सापडतील. नाही सापडले. निगेटिव्हवर ज्या जागी प्रकाश पोचलाच नाही ती जागा काचेसारखी कोरी राहते. सरांचा चेहरा तिथे झाकलेला नाही, तो उमटलेलाच नाही. पाच फोटो आधी काढले तर जोडता येतात. न काढलेला फोटो कुठलंही यंत्र देत नाही.

आणि उपाय किती सोपा होता! सगळ्यांना उलटं फिरवायचं, तोंडं खिडकीकडे. बस्स. सर स्थिरचित्र मांडताना मडकं आणि वांगी याच खिडकीशी ठेवायचे, कारण उत्तरेचा उजेड मऊ असतो. एलिमेंटरीच्या तयारीला मी कागदावर वाकलो की डोक्यावर टपली मारून म्हणायचे, "उजेड कुठून येतोय ते आधी बघ." मी चित्र काढताना ऐकलं, फोटो काढताना विसरलो.

सरांच्या घरी मी गेल्या आठवड्यात जाऊन आलो. खरं काय ते सांगितलं आणि तो काळा फोटोही दिला. त्यांच्या मुलीने तो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "उभे राहण्याची पद्धत बाबांचीच आहे."

तर चार वाजता सगळ्यांनी याच हॉलमध्ये यायचं आहे. गुरुजन पुढच्या खुर्च्यांवर, आपण मागे. पाठ स्टेजकडे, तोंड खिडकीकडे. ज्यांना उजेड लागेल त्यांनी डोळे मिटून घ्या, मी तीन म्हटलं की उघडा. आणि या वेळी रोल संपायची भीती नाही.