जुना संगणक : टाकाऊ की उपयुक्त?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षणाविषयी दोन शब्द बोलावे अशी मला आज्ञा झाली आहे. मी आज मोठ्या तत्त्वांविषयी न बोलता एका लहान अडचणीविषयी बोलणार आहे. आपल्या समाजातील पुष्कळ घरांत मुलांसाठी जुना, दुसऱ्या हाताचा संगणक घेतला जातो. काही दिवसांनी तो मंद होतो. मग कोणीतरी त्यातील सर्व पुसून विंडोज नव्याने बसवितो. आणि पाहावे तर आवाज गेलेला, इंटरनेट बंद, पडद्यावरची अक्षरे फुगलेली! घरचे म्हणतात, यंत्र बिघडले. खरोखर ते बिघडलेले असते काय?

२०१९ सालची गोष्ट सांगतो. दहावीतल्या एका मुलाच्या वडिलांनी, त्यांची फळांची हातगाडी आहे, पै-पै साठवून असा संगणक घेतला होता. विंडोज ७ नव्याने बसविल्यावर त्याचे इंटरनेट बंद पडले. दुकानदाराने सांगितले, "आतला भाग जळाला, बोर्ड बदलावा लागेल." त्यासाठी मोठ्या मुलीच्या प्रवेशाकरिता बाजूला ठेवलेले पैसे काढावयाचे घरात ठरले होते. मुलगा माझ्याकडे आला तो केवळ एवढे विचारण्यासाठी, की सर, बोर्ड कोणता घ्यावा?

मी म्हणालो, आधी पाहू तर खरे. संगणकात डिव्हाइस मॅनेजर नावाची एक यादी असते. आत बसविलेल्या भागांची ती जणू हजेरीच. त्या यादीत इथरनेट कंट्रोलर हे नाव होते व त्यावर पिवळी खूण होती. उघडून पाहिले तर कोड २८ असे लिहिलेले. याचा अर्थ एवढाच, की या भागाचा ड्रायव्हर बसविलेला नाही. मित्रहो, वर्गात जो विद्यार्थी हजेरीला 'हजर' म्हणतो तो गैरहजर कसा असेल? जो भाग आपला क्रमांक सांगतो, तो बहुधा जळालेला नसतो. यादीत भागाचे नावच नसेल, तर मात्र बिघाडाची शंका घ्यावी.

आता ड्रायव्हर म्हणजे काय? विंडोज ही कार्यप्रणाली आणि संगणकातील भाग यांच्यामधला तो दुभाषा आहे. दुभाषा नसला तर दोघेही धडधाकट असून बोलणे होत नाही. काही दुभाषे विंडोजबरोबरच येतात, सर्व येत नाहीत. पुसताना जुने निघून जातात, म्हणून ते पुन्हा शोधावे लागतात.

आणि शोधताना माझीच चूक झाली. खोक्यावर छापलेले नाव वाचून मी एक फाइल आणली. ती बसेना. संगणकातील विंडोज ६४ बिटचे होते आणि मी आणलेला ड्रायव्हर ३२ बिटचा. शिवाय खोके एका कंपनीचे असले तरी आतील भाग निराळ्याच कंपनीचा होता. शेजाऱ्याचा चष्मा आपल्या डोळ्यांना चालत नाही, नंबर जुळावा लागतो, तसेच हे आहे.

तो नंबर संगणकातच लिहिलेला असतो. पिवळी खूण असलेल्या नावावर उजवी कळ दाबून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि तेथे हार्डवेअर आयडीज निवडावे. व्हीईएन या अक्षरांपुढे चार आकडे-अक्षरे येतात, ती भाग बनविणाऱ्या कंपनीची. डीईव्ही या अक्षरांपुढची चार त्या भागाची. ८०८६ म्हणजे इंटेल. १९७८ साली निघालेल्या तिच्या प्रसिद्ध प्रोसेसरचाच हा क्रमांक. १०डीई म्हणजे एनव्हिडिया. त्या मुलाच्या संगणकात होते १०ईसी आणि ८१६८, म्हणजे रिअलटेकचा नेटवर्क भाग. शाळेतील संगणकावरून त्याच क्रमांकाचा, विंडोज ७ चा, ६४ बिटचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेतला आणि इंटरनेट सुरू झाले. खर्च शून्य. मुलीचा प्रवेश वेळेवर झाला, याचा आनंद मला संगणकापेक्षा अधिक झाला.

पालकांनी व विद्यार्थ्यांनी यातून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, पुसण्यापूर्वी लिहून ठेवावे. संगणकाचे मॉडेल, विंडोज ३२ बिटचे की ६४ बिटचे, आणि प्रत्येक भागाचा क्रमांक वहीत उतरवावा. मुलांची कागदपत्रे व छायाचित्रे वेगळ्या जागी उतरवून घ्यावीत. विंडोज १० मध्ये पीएनपीयूटिल नावाची आज्ञा आहे. तिच्या साहाय्याने बाहेरून बसविलेल्या ड्रायव्हरांची प्रत पेनड्राइव्हवर काढता येते. दुसरी गोष्ट, नेटवर्कचा ड्रायव्हर आधीच जवळ ठेवावा, कारण तोच नसेल तर बाकीचे आणणार कोठून? तिसरी, ड्रायव्हर संगणकाच्या किंवा त्या भागाच्या कंपनीकडून घ्यावा. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्येही हार्डवेअर क्रमांक टाकून शोधता येते. "सर्व ड्रायव्हर एका कळीवर" अशी जाहिरात करणाऱ्या अनोळखी फाइलींपासून दूर राहावे. त्यांतून नको ते पाहुणे घरात शिरतात.

येथे एक सावधगिरीची सूचना. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांना स्वीकारत नाही. मग ती यंत्रे भंगारात घालावीत काय? नाही. लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली आहे. जुन्या भागांचे बहुतेक ड्रायव्हर तिच्या गाभ्यातच असतात. पेनड्राइव्हवरून ती चालवून आवाज, इंटरनेट, पडदा सर्व ठीक आहे काय ते आधी पाहता येते, आतील काहीही न पुसता. काही वायफाय व ग्राफिक्सचे भाग तेथेही अडतात, म्हणूनच आधी पाहावे आणि मग बसवावे.

बंधुभगिनींनो, आपल्या दीनचा आरंभ वाचण्याच्या आज्ञेने झाला आणि इसराफ, म्हणजे उधळपट्टी, आपल्याला मना केली आहे. या दोन गोष्टी मला त्या पिवळ्या खुणेसमोर एकत्र आठवल्या. दुकानदार खोटे बोलला असे मी म्हणत नाही. त्याने वाचले नाही, इतकेच. आपणही न वाचता त्याच्यावर विसंबलो. चार आकडे वाचण्याचा आळस एका मुलीच्या वर्षावर बेतणार होता.

विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर आपल्या संगणकाचे क्रमांक वहीत उतरवा. घरी संगणक नसेल तर शाळेतल्या संगणकाचे उतरवा, आणि शेजारच्या घरात कोणाचे यंत्र अडले असेल तर वही घेऊन जा. पालकांनीही, यंत्र गेले असे कोणी सांगितले, तर पैसे काढण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा, "यादीत त्याचे नाव दिसते का?"