चषक नको, मैदान हवे
(जिल्हा बैठकीच्या दुसऱ्या दिवशी युवक सत्रात केलेले भाषण)



माझ्या नावापुढे 'खेळ आणि गावचे तरुण' असा विषय वाचून मागच्या रांगेतली काही मंडळी हसली, ते मी पाहिले. हसण्यात चूक काही नाही. कापूस घरात पडून आहे, ज्वारी काढायची मजुरी ज्वारीच्या भावात निघत नाही, आणि हा बाबा खेळाचे काय सांगणार?

तेव्हा आधीच सांगून टाकतो. खेळाने कापसाला भाव मिळत नाही. पोरे कबड्डी खेळली म्हणून सोसायटीचे कर्ज फिटत नाही. शेतीमालाला भाव हा आपला पहिला कार्यक्रम होता, आहे आणि राहील. मी बोलणार आहे ते वेगळ्याच प्रश्नावर. या कार्यक्रमासाठी उद्या रस्त्यावर उभे कोण राहणार?

जरा मांडवात नजर फिरवा. पुढच्या सगळ्या रांगा माझ्यासारख्या पिकल्या केसांच्या. पंचविशीच्या आतले किती आहेत? एका हाताची बोटे पुरतील. मुली तर त्याहून कमी. मग पोरे आहेत कुठे? काही पुण्याकडे कंपनीत कंत्राटावर गेली. काही पारावर मोबाईलमध्ये मान घालून बसली आहेत. आणि बरीचशी आज तुमच्याच तालुक्यात कुठल्या तरी चषकाला गेली असतील.

हे चषक तुम्हाला माहीत आहेत. टेनिस बॉलचे क्रिकेट, रंगीत मंडप, कानठळ्या बसवणारा लाऊडस्पीकर. पहिले बक्षीस भाऊंकडून, दुसरे दादांकडून. टी-शर्टवर छातीभर त्यांचा फोटो. चार दिवस धुरळा उडतो. पाचव्या दिवशी मंडप उठतो आणि मागे राहतात ती धसकटे आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. निवडणूक लागली की तीच पोरे तोच टी-शर्ट घालून मोटारसायकलच्या फेरीत पुढे. पेट्रोल त्यांचे, घोषणा त्यांच्या, घसा आपल्या पोरांचा.

आपण सरकारला सांगत आलो की भीक नको, घामाचे दाम द्या. आपल्याच पोरांना मात्र चषकाची भीक चालते आणि आपण बघत बसतो. त्यात पोरांचा दोष किती? त्यांच्यासाठी दुसरे काही आपण उभे केले का?

खेळाने माणूस कुठवर जातो याचे उदाहरण आपल्याच कोरडवाहू मुलखात आहे. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे. कष्टकरी आईबापांचा मुलगा. लहानपणी शाळेसाठी रोजची सहा-सहा किलोमीटरची पायपीट. फौजेत भरती झाला आणि पुढे अडथळे व पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या ३००० मीटर शर्यतीत उतरला. १९९८ ते २०१८ या काळातल्या प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली होती. २०२२ साली बर्मिंगहॅमला साबळेने ती रांग मोडली आणि रौप्यपदक घेतले. पहिल्या नंबरच्या केनियाच्या गड्यात आणि त्याच्यात सेकंदाच्या विसाव्या भागाचे अंतर होते. २०२३ च्या आशियाई स्पर्धेत तर त्याने सुवर्ण आणले.

आपल्याला त्याचा अभिमान आहे. पण हिशेब शेतकऱ्याचा करू. एका साबळेमागे पळायची हौस असलेली हजार पोरे आहेत. त्यांना पदक मिळणार नाही, फौजेतही सगळ्यांना जागा मिळणार नाही. मग खेळ त्यांच्या कामाचा नाही का? हजार दाणे पेरून एकच ताट उभे राहिले, तर ते कितीही उंच असो, आपण त्याला पीक आले असे म्हणत नाही.

या उरलेल्या पोरांचे काय करायचे, याचा एक धडा त्याच केनियात आहे. नैरोबी ही केनियाची राजधानी. तिथे मथारे नावाची मोठी झोपडपट्टी आहे. पत्र्याची घरे, उघडी गटारे, कचऱ्याचे ढीग. पोरे प्लास्टिकच्या पिशव्या सुतळीने आवळून त्याचा चेंडू करायची आणि फुटबॉल खेळायची. कॅनडाचे बॉब मन्रो नावाचे गृहस्थ तिथे पर्यावरणाच्या कामानिमित्त राहत होते. १९८७ साली त्यांनी या पोरांचे संघ बांधायला सुरुवात केली. त्यांनी चषक वाटले नाहीत. सौदा केला. तुम्ही काही कराल तर आम्ही काही करू. तुम्ही हात हलवणार नसाल तर आमच्याकडूनही काही नाही.

त्या सौद्यातून जे नियम आले ते नीट ऐका, कारण सगळी गोम नियमांत आहे.

पहिला नियम गुणांचा. सामना जिंकला तर ३ गुण. संघाने आपल्या वस्तीतला कचरा उचलला, गटार उपसले, ठरलेली सफाई पूर्ण केली तर ६ गुण. हे गुण सामन्याच्याच तक्त्यात धरायचे. म्हणजे संघ कितीही तरबेज असो, फावडे हातात घेतले नाही तर तक्त्यात खाली.

दुसरा नियम बोलण्याचा. पंचाशी फक्त कर्णधाराने बोलायचे. बाकीच्यांनी निर्णय मानायचा.

तिसरा नियम शिक्षेचा. मारामारी करून जो मैदानाबाहेर गेला, त्याने पुन्हा खेळण्याआधी लहान पोरांच्या सामन्यात पंच म्हणून उभे राहायचे. शिव्या देणाऱ्याला शिव्या खाण्याची जागा दाखवली की तो लवकर शहाणा होतो.

चौथा नियम शिक्षणाचा. सफाई, पंचगिरी, लहानांना शिकवणे या कामांचे प्रत्येकाच्या नावावर गुण जमतात. ज्यांचे गुण जास्त, त्यांची फी संस्था थेट शाळेत भरते. हातात रोख नाही आणि कुणाच्या पाया पडणे नाही.

आणि हे सगळे चालवते कोण? वस्तीवस्तीच्या समित्या, पोरांनीच निवडून दिलेल्या. १९९२ पासून मुलींचे संघही सुरू झाले. आईबापांची तक्रार तिथेही आपलीच होती. धाकट्या भावंडांना कोण सांभाळणार, पाणी कोण भरणार, आणि अंधार पडल्यावर पोर घरी कशी येणार? त्यावर एकच उपाय चालला. घरोघर जाऊन बोलायचे आणि अंधार पडायच्या आत सामना संपवायचा. पुढे या मैदानांवर २०,००० च्या वर मुलेमुली खेळू लागली. त्यातून निघालेल्या मथारे युनायटेड या संघाने २००८ साली केनियाची राष्ट्रीय लीग जिंकली.

मथारेची झोपडपट्टी गेली का? नाही, ती आजही आहे. फुटबॉलने गरिबी हटली असे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण हिशेब लिहिणारी, सभा चालवणारी, हार पचवणारी आणि आपला पुढारी आपण निवडणारी पोरे तिथे तयार झाली. कुठल्याही चळवळीला याहून वेगळे काय हवे असते?

केनिया लांब वाटत असेल तर झारखंडला या. रांचीजवळच्या खेड्यांत २००९ साली 'युवा' नावाच्या संस्थेने मुलींचे फुटबॉल सुरू केले. या मुली शेतमजुरांच्या आणि लहान शेतकऱ्यांच्या. पहाटे उठून मैदान, मग घरकाम, मग शाळा. पुढे संघातल्याच मोठ्या मुली लहान मुलींना शिकवू लागल्या. २०१३ साली त्यांचा संघ स्पेनला गेला आणि तिथल्या गास्तेईझ चषकात तिसरा आला. पासपोर्टसाठी जन्माचा दाखला आणायला गेलेल्या या मुलींना एका कार्यालयात आधी झाडू मारायला लावले होते, असे त्यांनीच तेव्हा सांगितले. २०१९ साली त्या संस्थेला समाजासाठी खेळ वापरल्याबद्दलचा लॉरियस हा जागतिक पुरस्कार मिळाला. पण पुरस्कारापेक्षा मला त्यांची एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. मुलगी दोन दिवस मैदानावर दिसली नाही की बाकीच्या मुली तिच्या घरी जाऊन विचारतात, का आली नाहीस? लग्नाची बोलणी चालू असतील तर ती अशी बाहेर येतात.

आता आपल्या घरात येऊ. सरकारच्याच २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभर बायकांपैकी जवळजवळ २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. परभणी जिल्ह्यात हा आकडा ४८, बीडमध्ये ४३ च्या वर. हा आपलाच कापूस-ज्वारीचा मुलूख आहे. कारणे आपल्याला ठाऊक आहेत. नापिकी आहे, कर्ज आहे, ऊसतोडीला जाताना पोर कुणाजवळ ठेवायची ही काळजी आहे. भाव मिळाला तर यातले निम्मे आपोआप सुटेल. उरलेले निम्मे आपल्या डोक्यात आहे, आणि ते भावाने सुटणार नाही.

हे मी दुसऱ्यांना सांगत नाही. माझ्याच घरची गोष्ट सांगतो. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. त्याला मी ट्रक भरून बायका घेऊन गेलो होतो. घोषणा देऊन माझा आवाज बसला होता. त्यानंतर अकरा वर्षांनी माझी मुलगी नववीत असताना खो-खोच्या तालुका संघात निवडली गेली. बाहेरगावी तीन दिवस मुक्काम होता. मी म्हणालो, वेचणी चालू आहे, आणि पोरीच्या जातीला मुक्काम कशाला? ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आईबरोबर वेचणीला गेली. शाळा दहावीत सुटली आणि अठरा भरायच्या आत मी तिचे लग्न लावून दिले.

आज तिची मुलगी कबड्डी खेळते आणि माझी लेक मैदानाच्या कडेला बसून असते. मागे मी सहज म्हणालो, घरची कामे सोडून इथे काय बसतेस? तर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही चांदवडला कशासाठी गेला होता?" मला उत्तर देता आले नाही. आज इथे उभा आहे तो ते उत्तर द्यायला.

धाराशिवच्या सारिका काळेचे नाव तुम्ही ऐकले असेल. हलाखीच्या घरात वाढलेली मुलगी, खो-खो खेळत भारताच्या संघाची कर्णधार झाली. २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि ती क्रीडा अधिकारी झाली. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी आणि मुलांनी दोघांनीही जिंकला. माझी मुलगी तिथवर गेली असती असे मी म्हणत नाही. गेली नसतीच कदाचित. पण तीन दिवस मुक्कामाला जाऊन आलेली पोर लग्नाच्या वेळी 'नाही' म्हणायला शिकली असती, एवढे मला आता कळते.

म्हणून या बैठकीपुढे चार गोष्टी ठेवतो.

एक. प्रत्येक गावात एक कायमचे मैदान. खो-खोला २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद जागा लागते, दोन खांब आणि थोडा चुना. मुलींच्या कबड्डीला १२ मीटर बाय ८ पुरते. शाळेचे पटांगण असेल तर ते, नसेल तर गायरानातली जागा ग्रामसभेत ठराव करून घ्या. अतिक्रमण व्हायच्या आत घ्या.

दोन. मुलींचा खेळ आधी, उजेड असताना. मैदानावर महिला आघाडीतली एक तरी बाई रोज हजर पाहिजे. वेचणीच्या आणि सोंगणीच्या दिवसांत वेळ बदला, आठवड्याचे दिवस कमी करा, पण खेळ बंद करू नका. एकदा बंद झाला की मुलींचा पुन्हा सुरू होत नाही.

तीन. मथारेचा तक्ता आपल्या गावात लावा. सामना जिंकला तर ३ गुण, गावाचे काम केले तर ६. काम कोणते ते आपण ठरवू. बांधाला पडलेले खिंडार बुजवणे, शाळेची टाकी धुणे, माती परीक्षणाचे नमुने गोळा करणे, बाजार समितीतला कापसाचा भाव रोज चावडीच्या फळ्यावर लिहिणे. जे पोरगे महिनाभर रोज भाव लिहील, त्याला शेतीमालाच्या भावावर वेगळे भाषण द्यावे लागणार नाही.

चार. मैदानावर कुणाचा फोटो नको, टी-शर्टवर कुणाचे नाव नको. भाऊंचे नको, दादांचे नको आणि आपलेही नको. बिल्ला लावल्याशिवाय खेळता येणार नाही असे आपण म्हटले, तर आपल्यात आणि चषकवाल्यांत फरक तो काय? पैसा गावाने वर्गणीने जमवावा, हिशेब पोरांनी ठेवावा आणि दर महिन्याला ग्रामसभेत वाचून दाखवावा. पोरे चुकतील. दोनचारदा भांडतीलही. चुकू द्या, भांडू द्या.

आणखी एक गोष्ट, जी तक्त्यात मावत नाही. दुष्काळाच्या साली घरात बोलणे बंद होते. बाप गप्प, आई गप्प, पोरगा माळवदावर एकटा. अशा पोराला संध्याकाळी सहा वाजता दारात येऊन "आज का आला नाहीस रे?" असे विचारणारे चार जण गावात असले पाहिजेत. आपल्या मुलखाला याची किती गरज आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको.

भाषण संपवतो. टाळ्या नकोत. पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने आपल्या मैदानाचा तक्ता आणावा, आणि तो एखाद्या पोरीने इथे उभे राहून वाचावा. माझ्या गावचा तक्ता माझी नात वाचणार आहे. तिला मुक्कामाला यावे लागेल. मी हो म्हटले आहे.