दुकानाच्या पाटीतून आलेली चित्रं

चित्रकार भूपेन खक्कर यांचा जन्म 1934 साली मुंबईतला. शिक्षणानं ते चार्टर्ड अकाउंटंट. 1962 मध्ये ते बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत दाखल झाले आणि पुढं बरीच वर्षं हिशेबाची नोकरी सांभाळतच चित्रं रंगवत राहिले.

तरुण भूपेन यांनी प्रेरणा घेतली ती बाजारातून. देवादिकांची स्वस्त छापील चित्रं कापून त्यांनी कोलाज केले. दुकानांच्या पाट्या, भिंतीवरची कॅलेंडरं, सिनेमाची भडक पोस्टरं यांतला गुलाबी, निळा, पोपटी रंग त्यांनी जसाच्या तसा कॅनव्हासवर आणला. त्या काळी अशा चित्रांना बाजारू म्हणून नाक मुरडलं जाई. म्हणूनच मला त्यांचं धाडस फार मोठं वाटतं.

1972 मधलं ‘जनता वॉच रिपेअरिंग’ हे चित्र अवश्य पाहा. घड्याळं दुरुस्त करणारा एक साधा माणूस, आपल्या कामात गढलेला. त्याच सुमारास शिंपी आणि न्हावीही त्यांच्या चित्रांत आले. रोज ज्यांच्याकडे आपण जातो, पण क्वचितच निरखून पाहतो, अशी ही माणसं. 2016 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात खक्कर यांचं मोठं प्रदर्शन भरलं.