प्रश्न कोणी विचारायचा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘अनुदानाचे नियम’ हे शब्द ऐकले की बहुतेकांचा हात रेडिओच्या बटणाकडे जातो. त्यात ते नियम अपंगत्व आणि पुनर्वसन यांवरच्या संशोधनाचे असतील, तर ‘आपला काय संबंध?’ असे वाटणे साहजिक आहे. पण संबंध आहे. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यातल्या २९ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातल्या. शिवाय अपघात, आजार आणि म्हातारपण काही सांगून येत नाहीत. आज धडधाकट असलेल्या घरालाही उद्या कुबडी, श्रवणयंत्र किंवा चाकाची खुर्ची लागू शकते. ती वस्तू कशी असेल, परवडेल का, आपल्या उंबऱ्यावरून आणि आपल्या रस्त्यावरून चालेल का, हे कुठेतरी कोणीतरी केलेल्या संशोधनावर ठरते. ते संशोधन कोणी करायचे आणि कशावर करायचे, हे मात्र पैसे देणाऱ्याच्या नियमांवर ठरते.

सरकारी कागदांत आज ‘दिव्यांग’ हा शब्द आहे, बोलण्यात अजून ‘अपंग’ही आहे. मी दोन्ही वापरणार आहे. कोणाला कमी लेखण्याचा त्यात हेतू नाही.

आपल्या सगळ्यांना ऐकून माहीत असलेल्या ‘जयपूर फूट’पासून सुरुवात करू. १९६०च्या दशकात आपल्याकडे मिळणारे कृत्रिम पाय पाश्चात्त्य धर्तीचे होते. ते बुटात घालण्यासाठी बनवलेले. बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला ते सोयीचे. पण आपला शेतकरी अनवाणी चिखलात उतरतो, उकिडवा बसतो, जेवायला मांडी घालतो. तो पाय घरी नेऊन खुंटीला टांगून ठेवण्यापलीकडे त्याला उपयोग नव्हता. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातले अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि तिथेच काम करणारे कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा, लवणारा, अनवाणी वापरता येणारा पाय घडवला. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्र शर्मा हे फारसे औपचारिक शिक्षण नसलेले गृहस्थ होते, आणि लोक त्यांना आदराने ‘मास्टरजी’ म्हणत.

आता हेच काम संशोधन अनुदानाच्या नेहमीच्या अर्जात बसवून पाहा. अर्जदाराची पदवी? प्रसिद्ध झालेले शोधनिबंध? डॉक्टरांचा अर्ज पुढे गेला असता. मास्टरजींचा अर्ज पहिल्याच चाळणीत खाली पडला असता. आणि ज्याला तो पाय घालून शेतात उतरायचे आहे, त्याच्यासाठी तर अर्जात रकानाच नसतो. त्याचे नाव आलेच तर ‘नमुना संख्या’ या सदरात, एक आकडा म्हणून.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात संशोधनाला स्वतंत्र स्थान होते. अपंगत्वाला प्रतिबंध, पुनर्वसन, साहाय्यक साधने, अपंगांना करता येतील अशी कामे शोधणे, कचेऱ्या व कारखान्यांत त्यासाठी करायचे बदल, अशा विषयांवर सरकारने संशोधनाला चालना द्यावी, असे त्यात म्हटले होते. २००७ साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला मान्यता दिली. अपंगांसंबंधी धोरणे ठरवताना त्यांच्याशी आणि त्यांच्या संघटनांशी विचारविनिमय केला पाहिजे, असे बंधन त्या कराराने घातले. त्यानंतरचा २०१६चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ रोजी लागू झाला आणि अपंगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ झाले. या कायद्याचे कलम २८ सरकारवर संशोधनाची जबाबदारी टाकते. मात्र पैसा कोणी वाटायचा, निवड कोणी करायची, याबद्दल ते कलम काही बोलत नाही. ते सारे योजनांच्या नियमांवर सोडलेले आहे.

यातल्या एका योजनेकडे पाहू. उच्च शिक्षण घेणाऱ्या अपंग विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारने २०१२-१३ साली राष्ट्रीय छात्रवृत्ती सुरू केली. एम.फिल. आणि पीएच.डी. करणाऱ्यांसाठी वर्षाला २०० जागा. योजना चांगली, गरज खरी. पण नियम बारकाईने वाचले की त्यात दोन गोष्टी दिसतात.

पहिली चांगली गोष्ट. अंध किंवा शारीरिक अपंगत्व असलेल्या संशोधकाला वाचून दाखवणारा किंवा सोबत येणारा माणूस लागतो, हे नियम लिहिणाऱ्याच्या ध्यानात होते. त्यासाठी मूळ नियमांत दरमहा २,००० रुपयांचा वेगळा भत्ता होता. अंध मुलगी पीएच.डी. करते तेव्हा तिची बुद्धी इतरांसारखीच चालते, पण जुन्या दप्तरातला हस्तलिखित कागद तिला कोणीतरी वाचून दाखवावा लागतो. हा खर्च चैनीचा नाही. तो तिच्या कामाचा भाग आहे, आणि नियमाने ते मान्य केले.

दुसरी गोष्ट त्याच ओळीत लपलेली आहे. त्या रकमेपुढे ‘ठरावीक’ असा शेरा होता. २०१२ साली सर्वसाधारण कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती दरमहा १६,००० रुपये होती. ती डिसेंबर २०१४ मध्ये २५,०००, जानेवारी २०१९ मध्ये ३१,००० आणि जानेवारी २०२३ मध्ये ३७,००० झाली. संशोधकाचा खर्च वाढतो हे सरकारला मान्य आहे, म्हणूनच हे आकडे वाढले. मग वाचून दाखवणाऱ्याचा खर्च तरी ठरावीक कसा राहील? महिन्याचे कामाचे दिवस २५ धरले, तर २,००० रुपयांत दिवसाला ८० रुपये पडतात. एवढ्यात दिवसभर ग्रंथालयात बसणारा माणूस कुठल्या शहरात मिळेल? नियम लिहिणाऱ्यांच्या टेबलाशी एक जरी अंध संशोधक बसलेला असता, तर ‘ठरावीक’ या शब्दावर त्याने पहिले बोट ठेवले असते.

इथे अमेरिकेचे उदाहरण घेतो. तिथले सगळे चांगले आणि आपले सगळे वाईट असे मला म्हणायचे नाही. नियम कसे घडतात, ते तिथे नीट दिसते म्हणून. पुनर्वसनावरील संशोधनाला तिथे सरकारी अनुदान मिळू लागले ते १९५४ साली. व्यावसायिक पुनर्वसन खात्याच्या प्रमुख तेव्हा मेरी स्विट्झर या बाई होत्या. त्यांच्या काळातला एक धागा आपल्यापर्यंतही येतो. पीएल-४८० खाली अमेरिकेचा गहू आपल्याकडे आला, लाल मिलो आली, ती चव जुन्या पिढीच्या जिभेवर अजून असेल. त्या धान्याचे जे रुपये अमेरिकेच्या खात्यावर इथे जमा होत, त्यांतला काही भाग १९६०च्या एका अमेरिकी कायद्यानंतर भारतातल्या पुनर्वसन संशोधनावर खर्च झाला.

पण त्या काळात संशोधन करणारे एका बाजूला आणि अपंग माणसे दुसऱ्या बाजूला, अशीच मांडणी होती. ती हलली १९७७ साली. अपंगांशी भेदभाव करू नये असा कायदा १९७३ साली झाला होता, पण त्याचे नियमच निघत नव्हते. एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत शंभरावर अपंग माणसे ठिय्या देऊन बसली आणि सुमारे २५ दिवस उठली नाहीत. शेवटी मंत्र्यांनी नियमांवर सही केली. पुढच्याच वर्षी, १९७८ साली, अपंगत्वावरील संशोधनासाठी अमेरिकेत राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्या ठिय्याचे नेतृत्व करणाऱ्यांपैकी ज्युडी ह्यूमन या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीवर असत. १९९३ ते २००१ या काळात त्या शिक्षण खात्यात सहायक सचिव होत्या, आणि ही संशोधन संस्था त्यांच्याच अखत्यारीत होती. दाराशी धरणे धरणारी बाई दाराआड निर्णय घेणाऱ्या खुर्चीवर बसली.

त्या संस्थेच्या नियमांतल्या तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, अर्ज तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या मंडळावर शास्त्रज्ञांबरोबर अपंगत्वाचा अनुभव असलेली माणसे असावीत, असे कायदाच सांगतो. दोन, मेरी स्विट्झर यांच्या नावाने दिल्या जाणाऱ्या छात्रवृत्तीच्या पात्रतेत ‘प्रगत व्यावसायिक प्रशिक्षण किंवा स्वतंत्र अभ्यासाचा अनुभव’ अशा अर्थाची तरतूद होती. या ‘किंवा’मुळे दार थोडे रुंद होते. आपल्या मास्टरजींसारख्या माणसाला निदान उंबऱ्यापर्यंत येता येते. तीन, मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांसाठी अनुदान घेणाऱ्या केंद्रांवर अशी अट असते की आपल्या रुग्णांची माहिती एका सामाईक नोंदवहीत भरायची, एक वर्षाने, पाच वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी त्यांची पुन्हा विचारपूस करायची. ही नोंद १९७३पासून चालू आहे. मान किंवा पाठ मोडलेला माणूस पुढे किती जगतो, कामावर परततो का, कोणत्या दुखण्याने पुन्हा रुग्णालयात येतो, हे त्यातून कळते. अनुदानाच्या एका अटीने साधलेले हे काम आहे.

आता पुन्हा आपल्याकडे येतो. आपल्या २०१६च्या कायद्याचे कलम ६ फार थोड्या लोकांनी वाचले असेल. त्याप्रमाणे कोणत्याही दिव्यांग व्यक्तीवर तिच्या मुक्त आणि समजून दिलेल्या संमतीशिवाय संशोधन करता येत नाही. ती संमती तिला समजेल अशा माध्यमातून घ्यावी लागते. शिवाय एका समितीची पूर्वपरवानगी लागते, आणि त्या समितीत किमान निम्मे सदस्य स्वतः अपंग किंवा नोंदणीकृत अपंग संघटनांचे असले पाहिजेत. किमान निम्मे! हे मोठे पाऊल आहे आणि त्याबद्दल आपण अभिमान बाळगायला हरकत नाही.

तरीही एक फरक लक्षात घ्या. ही परवानगीची समिती आहे. तिच्यापुढे येतो तो तयार प्रस्ताव. विषय ठरलेला, पद्धत ठरलेली, पैसाही बहुधा ठरलेला. तिला ‘नको’ म्हणता येते. ‘हे नको, त्याऐवजी आमच्या खेड्यातल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेचा प्रश्न घ्या’, असे म्हणण्याची ती जागा नव्हे. म्हणजे दिव्यांग माणूस फाटकावर आला, पण ज्या खोलीत विषय निवडले जातात आणि पैसा वाटला जातो, त्या खोलीत त्याच्या निम्म्या जागांची हमी कायद्याने दिलेली नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की फाटकावरचा हा नियम त्या खोलीलाही लागू व्हावा.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. ‘विज्ञानाची पारख शास्त्रज्ञांनीच करायची. अनुभव असला म्हणजे संख्याशास्त्र कळते असे नाही.’ बरोबर आहे. नमुना पुरेसा आहे का, यंत्राची चाचणी नीट झाली का, हे तज्ज्ञांनीच पाहावे. पण प्रश्न महत्त्वाचा आहे का, उत्तर मिळाले तर ते कोणाच्या उपयोगी पडेल, हे प्रश्न केवळ विज्ञानाचे नाहीत. तिथे रोज त्या अडचणीतून जाणारा माणूसच तज्ज्ञ असतो. शिवाय तो शास्त्रज्ञ नसेलच असे आपण गृहीत का धरावे? वर्षाला २०० छात्रवृत्त्या आपण कशासाठी देतो?

आणि नुसते नाव यादीत घालून भागत नाही. बैठकीचे कागद ब्रेलमध्ये किंवा संगणकावर ऐकता येतील अशा स्वरूपात आधी मिळाले नाहीत, सांकेतिक भाषेचा दुभाषी आला नाही, बैठक बिनलिफ्टच्या दुसऱ्या मजल्यावर ठेवली, तर ती खुर्ची भरूनही रिकामीच राहते. हा खर्चही नियमांतच लिहिलेला असावा, कोणाच्या मेहेरबानीवर नको.

जनगणनेनुसार आपल्या दर शंभर अपंग व्यक्तींपैकी जवळजवळ सत्तर खेड्यांत राहतात. संशोधन संस्था मात्र बहुतेक शहरांत. मुंबईपुरते पाहिले तरी हाजी अलीची पुनर्वसन संस्था आहे, वांद्र्याची श्रवणदोषांवरची अली यावर जंग संस्था आहे. अशा संस्थांचे ज्ञान आणि खेड्यातला प्रश्न यांची गाठ घालून देणारा एक कलमी नियम अनुदानात असू शकतो. प्रस्तावात प्रत्यक्ष वापरणाऱ्यांशी झालेल्या बोलण्याची नोंद जोडा, निष्कर्ष त्यांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत परत न्या, आणि या दोन्हींना गुण द्या. गुण मिळतात असे दिसले की अर्जदार आपोआप त्या वाटेला वळतात.

महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग काढला. विद्यापीठे आपली आहेत, संघटना आपल्या आहेत. दिल्लीची वाट न पाहता राज्यातल्या एखाद्या विद्यापीठाला आपल्या संशोधन निधीपुरता असा नियम आजही करता येईल.

एकदा केलेला नियम कायम टिकेल असेही नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने फेररचना जाहीर केली, आणि ज्या विभागाच्या छत्राखाली ती संशोधन संस्था होती, तोच मोडून इतरांत वाटण्याचा बेत त्यात होता. म्हणून नियम वाचणारे, त्यांवर बोलणारे लोक सतत लागतात.

पुढच्या वेळी अशा अनुदानाची किंवा छात्रवृत्तीची जाहिरात वर्तमानपत्रात दिसली, तर शेवटची तारीख पाहून पान उलटू नका. विषय कोणी ठरवले, निवड कोण करणार, आणि ज्यांच्यासाठी हे चालले आहे त्यांच्यापर्यंत उत्तर कसे पोचणार, एवढे त्यात शोधा. सापडले नाही तर संपादकांना किंवा त्या विभागाला एक पत्र टाका. आपल्या ओळखीत एखादी दिव्यांग व्यक्ती असेल, तर पत्राचा मजकूर तिला विचारून लिहा.