साठ हजार मितानिनी

मी भिलाईहून बोलतोय. पोलाद कारखान्याच्या या गावात मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि निवृत्तीनंतर हाती वेळ असलेली माझ्यासारखी माणसंही पुष्कळ. गाठ पडली की विषय हमखास निघतो: आपलं मंडळ रक्तदान करतं, शाळेला वह्या देतं, पण हेच काम सबंध राज्यात उभं करायचं तर कसं?

मी म्हणतो, उत्तर आपल्याच राज्यात आहे. छत्तीसगड १ नोव्हेंबर २००० रोजी झालं. डॉक्टर कमी, दवाखाने लांब, मधे जंगल. २००२ मध्ये सरकार आणि सामाजिक संस्थांनी मिळून मितानिन कार्यक्रम सुरू केला. प्रत्येक पाऱ्यातली एक बाई आरोग्याचं काम पाहणार. पारा म्हणजे आपल्याकडचा पाडा किंवा वस्ती. काही वर्षांत ही संख्या साठ हजारांच्या घरात गेली.

नाव बघा. इथं मितान बदण्याची जुनी रीत आहे. दोन मैत्रिणी भोजली बदतात, कुणी महाप्रसाद, कुणी गंगाजल. मग त्या एकमेकींना नावानं हाक मारत नाहीत आणि नातं दोन्ही घरांना जन्मभर बांधतं. सरकारी योजनेला हा शब्द मिळाला म्हणून बाईला दारात उभं राहून आपण कोण ते सांगत बसावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट निवडीची, आणि माझ्या मते सगळं इथंच ठरतं. आधी कलाजथ्यांनी गाणी-नाटकांतून गावोगाव विषय पोहोचवला. मग प्रेरक पाऱ्यात बसले, बैठका झाल्या, आणि बाई पाऱ्यानं सुचवली. शिक्षणाची अट नव्हती. निवड वरून झाली असती तर काय झालं असतं, हे कुठल्याही गावात राहिलेल्याला ठाऊक आहे: सरपंचाची सून. अशी सून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीत रात्री तापलेल्या पोराकडे जाईल का? पुढे २००५ मध्ये देशभर आशा कार्यकर्त्या आल्या, त्यांचं प्रमाण हजार लोकवस्तीला एक. छत्तीसगडनं हिशेब लोकसंख्येवर न ठेवता पाऱ्यावर ठेवला. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

तिसरी गोष्ट फौजी माणसाला पटकन कळते. फौजेत एका सेक्शनला दहा जवान असतात, कारण एका माणसाची नजर तेवढ्यांवरच राहते. इथं साधारण वीस मितानिनींमागे एक प्रशिक्षक. प्रशिक्षणही एकदाच उरकलं नाही. थोडं शिकायचं, पाऱ्यात जाऊन करायचं, पुन्हा शिकायला यायचं. आपल्या मंडळांत शंभर स्वयंसेवकांमागे एक सचिव आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. मग महिन्याभरात गाडा रुततो, याचं नवल कशाला?

महाराष्ट्रात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपनंही असंच केलं. २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीनच तालुके घेतले, गावातल्या माणसांना आधी शिकवलं आणि मग तालुके वाढवले. पण ते काम उन्हाळ्यापुरतं. श्रमदान ठरावीक दिवसांचं असतं, तोवर अंगात जोर राहतो. मितानिनीला पावसाळाही आहे आणि हिवाळाही.

म्हणून एक अवघड गोष्ट बोलतो. सुरुवातीला मितानिनीला पगार नव्हता. नंतर कामागणिक पैसे मिळू लागले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला; फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशाताई मानधनासाठी मुंबईच्या आझाद मैदानावर बसल्या होत्या. 'सेवा करा' असं मी सांगतो तेव्हा माझ्या खात्यात पहिल्या तारखेला पेन्शन जमा झालेली असते. हो, फौजेतही आम्ही सेवाच म्हणत होतो, आणि तिचा पगार घेत होतो! धानाच्या लावणीची मजुरी बुडवून जी बाई गरोदर शेजारणीला दवाखान्यात नेते, तिला सेवेचं तत्त्वज्ञान ऐकवायचं मला धाडस होत नाही. आठवड्याचे दोन तास मागायचे असतील तर फुकट मागा. रोजचं, जबाबदारीचं काम मागायचं असेल तर बुडालेली मजुरी आणि गाडीभाडं आधी बाजूला काढा.

आमच्याकडे तीन-चार मंडळं एकत्र येऊन म्हाताऱ्या-कोताऱ्यांसाठी काही करावं, अशी चर्चा सध्या चालू आहे. माझी सूचना एवढीच आहे: अध्यक्ष कोण ते नंतर ठरवू. आधी भिलाईतला एकच सेक्टर घ्यायचा, एकटं राहणाऱ्यांची घरं मोजायची आणि त्यांनाच विचारायचं, तुमच्या दाराशी कोण आलेलं चालेल?